मदत हवी आहे: मुलांसाठी अद्भुत कादंबरी आणि विनोदी नाटक

माझ्या बारा वर्षांच्या भाचीला जादूच्या गोष्टींचं भारी वेड. नाथमाधवांची 'वीरधवल' द्यावी असं मनात आहे, पण ती जुनी भाषा या वयाला झेपते का? कुणाच्या घरी अलीकडे मुलांनी वाचली असेल तर सांगा.

दुसरं, दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून एक नाटक मोठ्याने वाचायचं ठरलंय. माझं मत देवलांच्या 'संशयकल्लोळ'ला. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर बघून फाल्गुनराव पेटतो, तो प्रवेश नुसता वाचतानाही हसू आवरत नाही. पण आमच्यात गाणारं कुणीच नाही; पदं गाळली तर रंगत जाईल का? भाऊ म्हणतो, अत्र्यांचं 'साष्टांग नमस्कार' (१९३३) घ्या, सूर्यनमस्काराच्या नादी लागलेले रावबहादूर मुलांना जास्त आवडतील. तुम्ही कोणतं निवडाल?