अपात्र खेळाडू खेळवला म्हणून अख्खा संघ बाद? जरा जास्तच होतंय

शिट्टी:
फुटबॉलच्या कप स्पर्धांमधला हा नियम मला कधीच पचला नाही. २०१४ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, पात्रता फेरी घ्या. पोलंडच्या लेगिया वॉर्सॉने स्कॉटलंडच्या सेल्टिकला घरच्या मैदानावर ४-१ आणि एडिनबरात २-० असं धुतलं. दुसऱ्या सामन्यात अगदी शेवटची काही मिनिटं लेगियाचा बेरेशिन्स्की बदली म्हणून आला. आधीच्या मोसमातल्या लाल कार्डामुळे त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी होती, आणि तीन सामने तो बाहेर बसलाही होता! पण त्यातले दोन आधीच्या फेरीतले, आणि त्या फेरीच्या खेळाडूंच्या यादीत क्लबने त्याचं नावच दिलं नव्हतं. यादीत नाव नाही, तर ते सामने बंदीत मोजले जात नाहीत. झालं. २-०चा निकाल उलटून सेल्टिकला ३-०, एकूण ४-४, आणि बरोबरीत परक्या मैदानावरचे गोल जड धरायच्या तेव्हाच्या नियमाने, वॉर्सॉत मारलेल्या त्या एका गोलवर सेल्टिक पुढे. क्रीडा लवादानेही दाद दिली नाही.

चूक ऑफिसातल्या कुणाची तरी आणि बाद झाले मैदानात घाम गाळणारे. चोर सोडून संन्याशाला फाशी. दंड ठोका, जबर ठोका, पण निकालाला हात लावू नका.

ऑफसाइड:
संन्यासी कसले? यादी क्लबची, खेळाडू क्लबचा, नियमपुस्तक क्लबच्याच टेबलावर. आणि दंडाचं म्हणाल तर २०१५चा कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कप, आठवा. रेआल माद्रिदचा चेरिशेव आधीच्या मोसमात विल्यारेआल क्लबकडे लोनवर, म्हणजे उसना, असताना त्याला तीन पिवळी कार्डं मिळाली, म्हणून एका सामन्याची बंदी. रेआलने त्याला कादिसविरुद्ध उतरवला आणि पठ्ठ्याने तिसऱ्याच मिनिटाला गोल मारला. मध्यंतरानंतर लगेच त्याला बाहेर काढलं, सामना ३-१ जिंकला, पण स्पर्धेतून हकालपट्टी झाली. नुसता दंड केला असता तर रेआलने खिशातली चिल्लर काढून दिली असती. कादिसने काय करायचं होतं, टाळ्या वाजवायच्या?

शिट्टी:
चेरिशेवचं मान्य, त्याच्या गोलने सामन्यावर परिणाम झाला. पण लेगियाचा हिशेब नीट बघा. पहिल्या सामन्यात त्यांनी दोन पेनल्टी वाया घालवल्या होत्या. त्यातली एक जरी आत गेली असती तर ५-१, आणि मग ३-०ची शिक्षा धरूनही लेगियाच पुढे. गुन्हा तोच, पण बाद व्हायचं की नाही हे ठरलं आठवड्यापूर्वीच्या पेनल्टीवर. याला शिक्षा म्हणायचं की लॉटरी?

राखीव बाक:
मधला मार्ग आहे की. सामना पुन्हा खेळवा. १९९९च्या डिसेंबरात इंग्लंडच्या लीग कपमध्ये वेस्ट हॅमने अ‍ॅस्टन व्हिलाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. त्यांचा ओमोयिन्मी अगदी शेवटी उतरला होता, पण त्याच कपात तो आधी जिलिंगहॅमकडून लोनवर खेळून बसलेला, आणि एका कपात दोन क्लबांकडून खेळणं चालत नव्हतं. सामना पुन्हा झाला, व्हिला ३-१ने जिंकली. कुणाला तक्रारीला जागा नाही.

ऑफसाइड:
जागा आहे. ज्याने नियम मोडला त्यालाच दुसरी संधी! वेस्ट हॅम पुन्हा जिंकली असती तर तिला शिक्षा काय झाली असती, नव्वद मिनिटं जास्त पळण्याची? छोट्या क्लबच्या जागी उभं राहून बघा. २०२३च्या एफए कपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्याच दुसऱ्या कपात, सातव्या पातळीवरचा हॉर्शम मोठ्या बार्न्सलीकडून रिप्लेत (बरोबरीनंतर पुन्हा झालेल्या सामन्यात) ३-० हरला. बार्न्सलीने असा खेळाडू खेळवला जो मूळ सामन्याच्या दिवशी दुसरीकडे लोनवर होता, म्हणजे रिप्लेलाही चालणार नव्हता. बार्न्सली बाद, हॉर्शम पुढे. इथे पुन्हा सामना म्हणजे मोठ्यालाच आणखी एक घास.

कोपरा झेंडा:
तुम्ही दोघं शिक्षा कडक की सौम्य यावर भांडताय. माझा राग वेगळा आहे. २००६मध्ये बरी या छोट्या क्लबला एफए कपमधून काढलं, लोनवरचा एक अपात्र खेळाडू खेळवला म्हणून. २०१९मध्ये लिव्हरपूलने लीग कपात चिरिवेयाला अपात्र असताना खेळवला, तर दोन लाख पौंड दंड, त्यातला निम्मा स्थगित, आणि संघ स्पर्धेत कायम.

ऑफसाइड:
स्पर्धा वेगळी, संस्था वेगळी. शिवाय चिरिवेयावर बंदी नव्हती, लोनवरून परतल्याची आंतरराष्ट्रीय मंजुरी यायची होती.

शिट्टी:
अहो, म्हणजे कागदी चुकीला दंड पुरतो, हे तुम्हीच म्हणताय! मी सुरुवातीपासून दुसरं काय म्हणतोय? लेगियाची चूक कागदाचीच होती.

ऑफसाइड:
नाही हो. लेगियाच्या खेळाडूवर बंदी शिल्लक होती. बंदी म्हणजे आधीच्या गुन्ह्याची शिक्षा, ती भोगल्याशिवाय खेळणं आणि एक पत्र उशिरा येणं यात फरक आहे.

राखीव बाक:
मग सामन्याआधी यादी संयोजकच का तपासत नाहीत? कुणावर किती बंदी उरलीय हे त्यांच्याकडे असतंच.

ऑफसाइड:
तपासली की क्लब म्हणणार, तुम्हीच तर पास केली होती. २०२१च्या जर्मन कपात वोल्फ्सबुर्गने म्युन्स्टरविरुद्ध पाचाची मर्यादा ओलांडून सहावा बदली खेळाडू उतरवला आणि नंतर चौथ्या पंचांकडे बोट दाखवलं. चाललं नाही, संघ बादच झाला.

शिट्टी:
चौथे पंच सहावा बदली मोजत नसतील तर मग बोर्ड घेऊन ते उभे कशाला असतात?