शिवराई स्वराज्याची, मग रुपया बादशहाचा का?

हौशी_नाणेवाला:
आजीच्या देव्हाऱ्यातली शिवराई परवा चिंचेने घासली (संग्राहकांनो, ओरडू नका, झालं ते झालं). एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति', कडेने ठिपक्यांची माळ. चहूकडे फारसी छापाची नाणी चालत असताना देवनागरीत नाव पाडायचं, तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन काढायचा, म्हणजे 'आम्ही कुणाचे मांडलिक नाही' हे प्रत्येकाच्या हातात ठेवणंच.

बट्टेखाते:
पुढे काय झालं तेही सांगा की! पुण्यातला अंकुशी रुपया बघा: अंकुशाची खूण आपली, मजकूर फारसी, नाव मोगल बादशहाचं. १७८४ मध्ये महादजी शिंदे वकील-ए-मुतलक (बादशहाचे सर्वाधिकारी मुखत्यार) झाले, दिल्लीची सूत्रं हाती आली, तरी रुपयावर शाह आलमच. तेव्हा कोण अडवणार होतं?

हौशी_नाणेवाला:
सराफ अडवणार होते. ओळखीचा छाप नसला की बट्टा लागायचा, म्हणजे किमतीत कपात व्हायची. फौजेचा पगार बट्ट्यात घालवायचा का?

बट्टेखाते:
अहो, हेच तर मी म्हणतोय! नाणं बाजाराचं असतं. १६७४ च्या तहात इंग्रजांनी आपलं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं असं कलम घातलं होतं. महाराजांच्या उत्तराचा आशय असा: रयतेला तोट्याचं नाणं घ्यायला मी लावणार नाही, कस आणि वजन मोगली नाण्याच्या तोडीचं असेल तर मनाईही करणार नाही. यात अस्मिता कुठे आहे? चोख हिशेब आहे.

गोदाकाठची:
मग जोगलटेंभीचं काय? नाशिकजवळ १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय. हरलेल्याच्या चेहऱ्यावर! यालाही हिशेबच म्हणणार?

बट्टेखाते:
चांदी तीच, वजन तेच, वितळवायचा खर्च वाचला. पण चेहऱ्याचं मान्य, तिथे खुमखुमी दिसते. बाकी हौशीराव, तुमच्या शिवराईवर अक्षरांच्या ओळींमध्ये जोडरेघ (दोन समांतर रेघा) आहे का? असेल तर ती दुदांडी. महाराजांची नव्हे, उत्तर पेशवाईच्या सुमाराची.

हौशी_नाणेवाला:
आहे जोडरेघ. पण इतक्या वर्षांनी पाडली तरी नाव कुणाचं आहे, ते वाचा.