अनुभव धागा: झाडीतून समुद्रावर उतरणाऱ्या सोप्या वाटा

तर्रीपोहे
कपाट आवरताना वाळू भरलेले जुने फ्लोटर निघाले अन् गोकर्णची वाट आठवली. डिसेंबरचे बेत सगळ्यांचेच शिजून राहिले असतील, म्हणून धागा.
कुडले, ओम, हाफमून, पॅराडाइज हे चार बीच, असं उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं. कुडले ते ओम 20-25 मिनिटं, ओम ते हाफमून अर्धा तास, पुढं पॅराडाइज साधारण तेवढंच. ओमच्या दक्षिण टोकाला वाट झाडीत शिरते. रामटेकच्या पायऱ्या चढणाऱ्याला हा चढ काहीच नाही. त्रास आहे तो उताराचा. जांभ्या दगडाची बारीक खडी सुटी पडलेली असते, पायाखाली गोट्यांसारखी फिरते, आणि वर वाळका पाला असला की दिसतही नाही. पाऊल थोडं आडवं, गुडघा वाकलेला, हात मोकळे. मागं पट्टा असलेले फ्लोटर किंवा बूट घाला. हवाई चप्पल घरीच बरी.
माहितीतल्यांनी भर घाला.

सेमिनरीहिल्स
पाणी माणशी 2 लिटर. पुढच्या बीचवर मिळेल या भरवशावर राहू नका.
आपल्या नागपूरकडच्या लोकांची एक चूक ठरलेली: "44 डिग्री सोसतो, तिथं 32 म्हणजे काय!" इथं घाम लगेच वाळतो, वाळतो म्हणूनच अंग गार होतं. तिथं हवा दमट, घाम वाळत नाही, नुसता वाहतो. पाणी जातं, मीठही जातं, आणि परतीच्या चढाला पिंडऱ्यांत गोळे येतात. ओआरएसची पुडी ठेवा. नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजे टाकू नका, जास्त झालं तर उलट त्रास.

कोकणची_सून_नागपुरात
भरती-ओहोटी कोणी लिहिलीच नाही! आपल्या फुटाळा तलावाच्या चौपाटीला भरती येत नाही ना, म्हणून 😄
भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. एकादशी असेल तर 11 ची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती आणि सहा तासांनी, सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा 1 पासून मोजायचं. हा हिशोब मुंबई-कोकणाचा. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून तासभर हातचा ठेवा.
अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी 4 मीटरच्या वर चढतं, गोकर्णकडे दीड-दोन. पण तेवढ्यानंही खडकावरची वाट बुडते. "खालून जाऊ, लवकर पोचू" हे फक्त पाणी उतरत असताना. चढत्या पाण्यात नेहमी वरची, झाडीतली वाट धरायची.

बर्डी_ते_बीच
गोकर्णात भांग म्हटल्यावर मी वेगळंच समजलो

कोकणची_सून_नागपुरात
@बर्डी तुम्ही नाही समजणार तर कोण 🙏 आणि हो, खडक काळा-हिरवा चकचकीत दिसला की पाय ठेवू नका, शेवाळ असतं. खडबडीत पांढरट दिसला तर घसरणार नाही, पण कालवांची कड ब्लेडसारखी लागते. हात टेकताना बघून.

गोचीडतज्ज्ञ
वाळक्या पाल्यावर बसायचं नाही. पँट मोज्यात खोचायची. उत्तर कन्नड जिल्ह्यात घाटाकडच्या जंगलात माकडताप आहे, तो गोचिडीतून येतो. 1957 मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमका आपल्या सुट्ट्यांचा. किनाऱ्याची वाट घाटापासून दूर असली तरी सवय लावा: परतल्यावर गुडघ्यामागं, काखेत, कमरपट्ट्याच्या रेषेत तपासायचं. चिकटली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. पिळायची नाही, रॉकेल नाही, काडीचा चटका नाही. आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेल्याचं आधी सांगा.

बेसा_रोड
गाडी कोणती रे भाऊ? नागपूर-मडगाव स्पेशल सुरू आहे का

तर्रीपोहे
@बेसा आठवड्यातून दोनदा असते, पण स्पेशल आहे, मुदत संपते अन् वाढते. तारखा बघूनच काढ. मडगावला उतरून पुढं गोकर्ण रोड. स्टेशन गावापासून 9-10 किमी, रिक्षाचं आधीच ठरवून घे.

मागचा_डबा
आलेल्या वाटेनंच परत का जाता? पॅराडाइजहून दक्षिणेला आणखी थोडं चाललं की बेलेकान. तिथं डांबरी रस्ता लागतो. रिक्षावाल्याला सकाळीच वेळ सांगून ठेवायची. बोट असते, पण ती हंगामात आणि समुद्र शांत असेल तरच. शेवटच्या बोटीवर अख्खा बेत टांगू नका.
सूर्यास्त नागपूरपेक्षा अर्धा तास उशिरा, डिसेंबरात सहाच्या पुढं. पण झाडीत अंधार आधी पडतो. सूर्य बुडताना बीचवर असाल तर परतीची वाट बॅटरीच्या उजेडातच. मोबाइलचा टॉर्च हात अडकवतो, डोक्याला बांधायची घ्या.

सेमिनरीहिल्स
+1. ओल्या पायात मोजा चढवला की वाळू पॉलिश पेपरसारखी घासते, टाच सोलते. एक छोटा पंचा फक्त पायांसाठी ठेवा.

झिंगाबाई_कट्टा
पोहणाऱ्यांसाठी: पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडं झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहा, ओढीचा पट्टा अरुंद असतो. पोहता येत नसेल तर गुडघ्यापर्यंतच.

बेसा_रोड
खायला काय न्यावं? चिवडा चालेल का

कोकणची_सून_नागपुरात
चिवड्यानं तहान वाढते हो. संत्री न्या, तोवर आंबिया बहार, म्हणजे त्या दिवसांत निघणारं पीक, असतोच. साली पिशवीत परत आणा, आणि पिशवी हातात लटकवू नका, वानरं ओढतात.

बर्डी_ते_बीच
माणशी किती संत्री? काटोलची का कळमेश्वरची, ते पण सांगा