प्रतिसाद: सगळे सारखेच?

वर एकाने राजकारण्यांबद्दल म्हटलंय की "सगळे चोर, मग कशाला डोकं लावायचं", हे मला पटत नाही. सांगोल्यातून आमदार म्हणून गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले, एसटीने फिरायचे, ते काय लोकांना प्रामाणिकपणा कळत नाही म्हणून? (पक्ष शेकाप, म्हणजे छोटा शेतकरी कामगार पक्ष, त्यामुळे लाट वगैरे म्हणायचीही सोय नाही.)

माझा मुद्दा वेगळाय. नेत्याचा चेहरा बघून विश्वास ठेवायचाच कशाला, कागद बघा ना. उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, गुन्हे हे सगळं उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात येतं ते काही पक्षांनी खुशीने दिलेलं नाही, २००२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं तेव्हा कुठे सुरू झालं, आणि त्यावर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एक झाले नी कायदा बदलून ते पातळ करायला बघितलं, तो बदल कोर्टाने २००३ मध्ये रद्द केला. एवढी धडपड कशासाठी हो?

आता गोम अशी की शपथपत्रात खोटं लिहिलं तर शिक्षा जास्तीत जास्त ६ महिने, किंवा नुसता दंडही चालतो. कोट्यवधींची माया असणाऱ्याला ह्याची कसली भीती. निवडणूक आयोगाच्या साइटवर शपथपत्रं फुकट दिसतात, आपल्या आमदाराची मागच्या दोन निवडणुकांची शेजारी शेजारी उघडून बघा आणि मग इथे लिहा.