भुईमूग आणि सोयाबीन: गुणसूत्रे सारखी, मग जीनोम इतका वेगळा का?

प्रश्न: दोन्ही पिकांत गुणसूत्रे 40 असूनही भुईमुगाचा जीनोम (पेशीतील एकूण डीएनए) सोयाबीनच्या दुपटीहून मोठा कसा?

उत्तर १: हा संख्येचा योगायोग आहे. भुईमूग हा अराकिस ड्युरानेन्सिस आणि अराकिस इपाएन्सिस या रानटी जातींच्या, उत्क्रांतीच्या मानाने अलीकडच्या संकरातून झालेला चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेला) असून दोन्ही पालकांकडून आलेले उपजीनोम त्यात आजही वेगळे ओळखता येतात. सोयाबीनच्या जीनोमचे शेवटचे दुपटीकरण मात्र सुमारे 1.3 कोटी वर्षांपूर्वीचे असल्याने ते द्विगुणितासारखे (दोनच संच असल्यासारखे) वागते.

उत्तर २: शिवाय भुईमुगात पुनरावृत्त डीएनए (पुन्हा पुन्हा येणारे तेच तुकडे) भरपूर आहे.

प्रश्नकर्ता: नवे वाण तयार करणाऱ्या पैदासकाराला भुईमूग चतुर्गुणित असल्याचा त्रास होतो का?

उत्तर १: होतो. रोगप्रतिकारासाठी द्विगुणित रानटी जातीशी थेट संकर केल्यास त्रिगुणित (तीन संचांची) संतती बहुधा वांझ निघते, त्यामुळे आधी कृत्रिम चतुर्गुणित तयार करावा लागतो.