बरे झाले देवा, निघाले दिवाळे : तुमचे अनुभव लिहा

1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा धंदा बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगाही गेला. त्यावर ते म्हणतात, 'बरें झालें देवा निघालें दिवाळें'. अभंग मला पाठ होता, पटत मात्र नव्हता. गेल्या वर्षी कमरेच्या ऑपरेशननंतर अडीच महिने अंथरुणात होते. आंघोळ सून घालायची. चाळीस वर्षं मी 'लहानपण देगा देवा' म्हणत आले आणि त्याने दिलं, तर रुसून भिंतीकडे तोंड करून पडले! दुखण्यात, हतबलतेत माणूस नम्र होतो आणि तिथेच देवाची शक्ती मिळते, असं म्हणतात; तुमच्या गाठी असं काही असेल तर लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा. देव कुठला, ते विचारणार नाही.

*

बार्शी तालुका

72 चा दुष्काळ. मी सातवीत. वाडा होता, दावणीला चार बैलजोड्या होत्या. बैल विकले, मग आईच्या पाटल्या गेल्या, मग मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, आला. मिलोच्या भाकरीला चिकाटा नसायचा, थापतानाच चिरायची. शेवटी आई पदर नाकापर्यंत ओढून सरकारी कामावर खडी फोडायला गेली. मस्टरवर नाव सांगताना तिचा आवाज फुटेना, ते मुकादमाला मी सांगितलं.

पहिल्या दिवशी पहिलाच घाव अंगठ्यावर बसला. शेजारी आमच्याच रानात खुरपायला येणारी बाई बसलेली. आमच्या घरी तिला पाणी वरून ओतून देत. तिने स्वतःच्या बोटातलं सायकलच्या ट्यूबचं कडं काढून आईच्या बोटात चढवलं. म्हणाली, "वैनी, दगडाची शीर बघा आन् तितंच मारा. ताकद नाय लागत." दुपारी आई तिच्याच गाडग्यातलं पाणी प्याली. मी हे पाहिलं आणि पोरांनी पाहू नये म्हणून लांब जाऊन बसलो. लाज मला वाटली, तिला नाही.

त्या रात्री आईने देवापुढे दिवा लावला आणि काही मागितलं नाही. रोज मागायची. पुढच्या वर्षी पाऊस झाला. ती बाई कामाला आली की आई तिला घरातल्या कपातून चहा द्यायला लागली. आजीने घर डोक्यावर घेतलं. आई एवढंच म्हणाली, "मी तिच्या गाडग्यातलं प्यालेय." बाकी गावात पाणी वरूनच ओतत राहिले, बरीच वर्षं.

*

निवृत्त मुख्याध्यापक

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास. डाव्या मनगटात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्यात. त्यावर बोट ठेवलं की आत भुंगा गुणगुणल्यासारखं लागतं. ते रोज सकाळी तपासायचं आणि थांबलं तर तडक दवाखाना गाठायचा, अशी ताकीद आहे. म्हणजे माझी संध्या आता हीच.

एकतीस वर्षं पोरांना 'सरळ उभा राहा' म्हणून दरडावलं. आता मशीनवरून उठलो की बीपी उतरतं आणि माझाच झोक जातो. एकदा चपला घालायला वाकलो तो खालीच बसलो. वॉर्डबॉयने चपला पायात सरकवल्या. वर बघून म्हणाला, "सर, ओळखलं नाही ना? नववी ब. तुम्ही म्हणालात बापाला घेऊन ये, मग मी आलोच नाही शाळेत."

घरी येऊन देवापुढे बसलो, पण त्याची माफी देवाकडे मागून काय उपयोग? तीन पाळ्या नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. चौथ्या पाळीला, सुया टोचलेल्या असताना, कसंबसं म्हणालो, "चुकलं रे माझं."

तो म्हणाला, "असू द्या सर, हात हलवू नका."

*

नाव लिहीत नाही, आमच्यात, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'मध्ये, लिहीत नाहीत. ट्रकवर होतो. आमची पहिली पायरीच अशी की दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करायचं. मी सात वर्षं उलटं करत होतो. नारळ ठेवून शपथ, गळ्यात माळ घालून शपथ, पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. माळ तर दोनदा काढून ठेवली, एकदा स्टेअरिंगला अडकवली. मीटिंगमध्ये पहिल्यांदा तोंडातून निघालं, 'माझ्याच्याने होत नाही.' हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढे ईश्वराची पायरी आली, 'जसा आम्हाला समजला तसा'. मला काहीच समजला नव्हता. जुना मेंबर म्हणाला, "नाही ना समजला? मग सध्या खुर्च्या लाव." दर शनिवारी लावतो. चहा पण माझाच. अकरा वर्षं झाली, म्हणजे आजचा दिवस.

*

विरोधी सूर चालेल का? कष्टाने माणूस नम्र होतो हे सरसकट खरं नाही. माझे सासरे लकव्याने दोन वर्षं पडून होते. शेवटच्या आठवड्यापर्यंत डाव्या हाताने ताट भिरकावत होते. भिंतीवर वरणाचे डाग अजून आहेत. दुखणं त्यांना आणि नम्र मी व्हायचं? देवाची शक्ती मिळाली का, माहीत नाही. झोप मिळाली नाही, एवढं माहीत आहे.

*

(धागाकर्ती : चालेल काय, हवंच होतं. माझ्या सुनेला विचारलं तर ती काय लिहील, हे मी अजून विचारलेलं नाही.)

*

अहिल्यानगर, नर्स

वरच्या ताईंसाठी. आम्ही ख्रिस्ती. बायबलमधल्या पौलाच्या देहात काटा होता. तो काढ म्हणून त्याने तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे' एवढं उत्तर मिळालं. हे वचन आजाऱ्याच्या उशाशी वाचतात, त्याचं करणारीला कुणी ऐकवत नाही. माझ्या आईला विसरभोळेपणाचा आजार आहे. वॉर्डात मी सगळ्यांचं हसून करते आणि घरी तिच्यावर खेकसते. एका रात्री चौथ्यांदा चादर बदलत होते. तिने मला ओळखलंच नाही. म्हणाली, "बाई, दमलात हो तुम्ही, टेका जरा," आणि सरकून पलंगावर जागा केली. मी टेकले. सकाळी शेजारणीचं दार वाजवलं, "दोन तास बसाल का आईपाशी?" असं विचारायला. बावीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा.

*

मला पोलिओ आहे, दोन्ही पायांत कॅलिपर. यंदा माउलींबरोबर चालायचं, म्हणजे तीनचाकीवरून, निदान पुणे ते सासवड. हाताने सपाटीवर जमतं. दिवेघाटात मागून कुणीतरी ढकलावं लागेल आणि 'ढकला' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुणी नेलंय का असं?

*

नेलंय. वडकीला दुपारचा विसावा असतो, तिथे भरपूर खाऊ नका, घाटात मळमळतं. ब्रेक आधी तपासून घ्या. 'ढकला' म्हणायचं नसेल तर नुसतं 'माउली' म्हणा, चार हात येतात. आणि लाजायचं कशाला? त्या घाटात माउलींच्या रथालाही जादा बैलजोड्या जुंपतात.