मदत हवी आहे: जोडीने काम करताना मुलं कोकणीत बोलतात, ते बोलणं अभ्यासात कसं धरायचं?

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते आणि आमच्याच सातवीच्या वर्गावर एम.एड.चा लघुप्रबंध करतेय. विषय आहे कार्याधारित भाषाशिक्षणात, म्हणजे ठरावीक काम पार पाडताना भाषा शिकण्यात, मुलांचं आपसातलं बोलणं.

आमची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत असतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात येतात. घरी कोकणी, काहींच्या घरी कन्नड. वर्गात प्रश्न विचारला की माना खाली जातात. पण दोघांदोघांना काम दिलं की तीच मुलं हिरिरीने बोलतात. मला हे बोलणं नीट समजून घ्यायचंय.

काम असं: एकाच्या कागदावर डिचोली ते म्हापसा बसच्या वेळा, दुसऱ्याच्या कागदावर म्हापसा ते पणजी. दुसऱ्याचा कागद बघायचा नाही. पणजीला दहाच्या आत पोचायला कुठली बस धरायची, ते इंग्रजीत विचारून ठरवायचं. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंच्या बंगलोर प्रकल्पात (कामांतून इंग्रजी शिकवण्याचा शाळांमधला प्रयोग, १९७९ ते १९८४) वेळापत्रकं, नकाशे अशाच कामांसाठी वापरले होते, तिथूनच ही कल्पना घेतली. मात्र प्रभूंचा भर गटकार्यावर नव्हता. मुलं एकमेकांच्या चुका ऐकून मोडक्या इंग्रजीचीच सवय लावून घेतील, ही त्यांची शंका होती. माझे मार्गदर्शकही तेच म्हणतात. पण रेकॉर्डिंगमध्ये मला हे ऐकू येतं:

अ : द बस लीव ॲट एट थर्टी.
ब : लीव न्हय रे, लीव्स.
अ : कित्याक? (का?)
ब : एकूच बस न्हय? (एकच बस ना?)
अ : हां. द बस लीव्स ॲट एट थर्टी.

व्याकरण मी फळ्यावर कितीदा तरी सांगितलंय. इथे ते एका मुलाने दुसऱ्याला कोकणीत दोन शब्दांत पटवलं आणि वाक्य सुधारलं. मार्गदर्शक म्हणतात, कोकणी वाक्यं 'कामाबाहेरचं बोलणं' या रकान्यात टाका. मला ते मुळीच पटत नाही. पण वेगळा रकाना करायचा तर आधार काय द्यायचा?

दुसरी अडचण, काही जोड्यांत एकच मूल सगळं उरकतं आणि दुसरं नुसतं 'येस' म्हणतं. वाक्यं मोजली तर कोण किती बोललं एवढंच कळतं. अशा जोडीचं वर्णन कसं करतात? आणि सगळ्या जोड्या एकदम बोलायला लागल्या की आवाज एकमेकांत मिसळतात, त्यावर उपाय सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमचं बरोबर आहे. स्वेन आणि लॅपकिन या संशोधकांनी कॅनडात फ्रेंच शिकणाऱ्या आठवीच्या मुलांच्या जोड्यांवर काम केलंय. मुलं स्वतःच्या भाषावापराबद्दल बोलतात, शंका काढतात, चूक सुधारतात, तो तुकडा त्यांनी स्वतंत्र एकक धरला. मग तो कुठल्याही भाषेत असो. तुमचा 'लीव्स'चा तुकडा अगदी तसाच आहे. २००० सालच्या लेखात त्यांनी मुलांच्या पहिल्या भाषेचे तीन उपयोग दाखवलेत: काम पुढे नेणं, शब्द-व्याकरणावर लक्ष नेणं, आणि आपसातलं नातं सांभाळणं. कोकणी वाक्यांना हेच तीन रकाने करा, चौथा खरोखरच्या अवांतर गप्पांचा. मार्गदर्शकांना आधारही मिळेल. मात्र कन्नड घरच्या मुलांची कोकणी ही पहिली भाषा नव्हे, त्यांची नोंद वेगळी ठेवा.

जोड्यांच्या वर्णनासाठी संशोधक नेओमी स्टॉर्च यांचा २००२ चा अभ्यास बघा. कामावर ताबा कोणाचा आणि एकमेकांचं म्हणणं किती उचलून धरतात, या दोन कसोट्यांवर त्यांनी चार प्रकार केलेत: सहकार्याची जोडी, दोघेही वरचढ, एक वरचढ-एक गप्प, आणि जाणकार-नवशिका. शेवटच्या दोन्हींत एकच जण जास्त बोलतो, पण जाणकार दुसऱ्याला बोलतं करतो. तुमच्या 'येस'वाल्या मुलाला जोडीदार काही विचारतो का, ते पुन्हा ऐका.

रेकॉर्डिंगला प्रत्येक जोडीच्या बाकावर वेगळा मोबाईल ठेवा, आणि एका वेळी मोजक्याच जोड्या व्हरांड्यात बसवा. पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. थोडा भाग कोकणी जाणणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाकडूनही रकान्यांत घालून घ्या. दोघांचं कुठे जुळत नाही ते बघून रकान्यांच्या व्याख्या पक्क्या करा, मगच बाकीचं हातात घ्या.